अंगठ्याएवढा गंज

सोमवारी सकाळी पंपाच्या इम्पेलरवरचं प्लास्टिक उलगडलं, तेव्हा एका पात्याच्या कडेला तपकिरी अंगठा उमटलेला दिसला. डाग म्हणावा असा तो पसरलेला नव्हता. मधला भोवरा, त्याच्याभोवतीच्या रेषा, एका बाजूला जुन्या खोकेमुळे तुटलेल्या दोन-तीन ओळी, सगळं शाईने उमटवून घ्यावं तसं स्वच्छ होतं. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गंज बघणं हाच माझा धंदा आहे, पण गंजाला इतकं माणसाचं रूप आलेलं कारखान्यात कधी बघितलं नव्हतं. घरी बघितलं होतं. कात्रीवर, कपाटाच्या कुलपावर, सायकलच्या घंटीवर असा अंगठा आमच्याकडे सगळीकडे असायचा, आणि तो कुणाचा हे विचारायची गरज नसायची. त्यामुळे मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की बाबा इथे कधी येऊन गेले? आणि मग, एक श्वास घेऊन होईपर्यंत, बाबा नाहीत हे आठवलं. असं अजून होतं. दिवसातून एकदा तरी ते नव्याने जातात. त्याचीही सवय होते, आणि ज्या दिवशी असं होत नाही तो दिवस मला उलट जास्त रिकामा वाटतो.

आमच्या शेडमध्ये धातूच्या वस्तू छापतात. हे सांगितलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पुस्तकं आणि कॅलेंडरं येतात. आमचं छापणं वेगळं. मैद्यासारखी बारीक धातूची पावडर एका पेटीत पातळ पसरायची, लेझरने हवी तेवढीच जागा वितळवायची, त्यावर पुन्हा पावडर, पुन्हा लेझर. असे हजारो थर चढले की पावडरीच्या ढिगात आख्खी वस्तू तयार होऊन बसलेली असते. मशीन चालू असताना आम्ही उगाचच हळू बोलतो, आणि ब्रशने पावडर झाडत वस्तू बाहेर काढायच्या दिवशी दारातून येणारा प्रत्येक जण 'काय, बाळंत झाली का?' असंच विचारतो. हा इम्पेलर, म्हणजे समुद्राचं पाणी ओढून इंजिन गार ठेवणाऱ्या पंपातलं पात्यांचं चक्र, एका फेरीबोटीसाठी होता. त्यांचा जुना ओतीव इम्पेलर खाऱ्या पाण्याने वाळवी लागल्यासारखा पोखरला होता. आमचा धातू एका खास जातीचं स्टेनलेस आहे. त्याच्या पोटात दोन प्रकारचे कण निम्मे निम्मे असावे लागतात. तोल जरा ढळला की समुद्र बरोबर ती जागा शोधून काढतो. छापल्या छापल्या हा तोल नसतोच. भट्टीत तापवून लाल करायचं आणि एकदम पाण्यात विझवायचं, तेव्हा तो येतो. किती तापवायचं आणि किती झटकन विझवायचं ही कृती माझी. त्यात माझी काही वर्षं गेली होती आणि साहेबांचा संयमही बराच गेला होता. त्यांनी मागे एकदा चहा ढवळत ढवळत सांगून टाकलं होतं, "हा एक नग बोटीवर जाऊ दे. परत आला, तर आपला समुद्र बंद. आपण दवाखान्यांसाठी गुडघे छापू. लोकांना गुडघे लागतातच." त्यामुळे तो तपकिरी अंगठा बघताना प्रश्न एकच होता. गंज वरून आलाय की आतून? वरून असेल तर तो धुता येतो. आतून असेल तर कृती चुकली, आणि माझा समुद्र संपला.

मी पॉलिशमामांना हाक मारली. छापलेल्या वस्तूला घासून-पुसून माणसांत आणण्याचं काम त्यांचं. ते आले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"अरे देवा. हा कुणाचा?"

"तेच विचारतेय."

"माझा नाही." त्यांनी दोन्ही अंगठे माझ्या नाकासमोर धरले. "बघा ना, रेषा तरी आहेत का? आयुष्य गेलं घासण्यात. बँकेतलं ते अंगठ्याचं यंत्र मला ओळखतच नाही. तिथली पोरगी म्हणते, काका, तुम्ही नक्की आहात ना?"

"शुक्रवारी गुंडाळला तेव्हा नव्हता."

"नव्हता. पण गुंडाळायच्या आधी शेवटचा हात तुम्हीच फिरवलात, ताई. हातमोजा काढून."

काढला होता. पात्याची कड हवी तितकी गुळगुळीत झाली का, हे मोज्यातून कळत नाही. एरवी मी असं करत नाही. इतक्या वर्षांत मी उघड्या हाताने तयार वस्तूला स्पर्श केल्याचं मला तरी आठवत नाही. त्या दिवशी का केला, तर संध्याकाळचं तिरपं ऊन पात्यावर पडलं होतं आणि वस्तू देखणी झाली होती, एवढंच. मी उजवा अंगठा उताणा करून ठशाशेजारी धरला. भोवरा तोच. शाळेत असताना पत्र्याने कापलं होतं ती खोकही तिथेच. पॉलिशमामा एकदा अंगठ्याकडे, एकदा पात्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आता पोलिसात द्यायचं की कसं?" मी हसले. खरं तर त्या क्षणी मला कृतीची काळजी वाटायला हवी होती. ती वाटत होतीच, पण तिच्या खालून दुसरंच काहीतरी हळूहळू वर येत होतं, आणि ते सुखाच्या फार जवळचं होतं.

बाबा तरुणपणी एका मोठ्या कारखान्याच्या मोजमाप-खोलीत लागले होते. ती तिथली सगळ्यात मानाची जागा. दारं कायम बंद, चपला बाहेर, मखमलीच्या खाचांत ठेवलेले पोलादी ठोकळे, आणि त्या ठोकळ्यांवरून सगळ्या कारखान्याची मापं जुळवायची. बाबा लागल्यावर थोड्याच दिवसांत ठोकळ्यांवर अंगठे उगवायला लागले. वरिष्ठांनी सगळ्यांच्या हातात एकेक चकचकीत पोलादी पट्टी दिली, घट्ट धरायला लावली, आणि पट्ट्या रात्रभर टेबलावर ठेवल्या. सकाळी एकच पट्टी तपकिरी झाली होती. काही माणसांचा घाम फार खारट असतो, त्याला औषध नाही, असं कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. बाबांना पॅकिंगला पाठवलं. तिथे ते मोजे घालून दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू तेलकट कागदात गुंडाळायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं. कारखान्यात त्यांचं नाव 'मिठागर' पडलं. "काय मिठागर, आज कुणाला हात लावलात?" असं म्हणत त्यांचे मित्र आमच्या घरी चहाला येत, आणि सगळ्यात मोठ्याने बाबाच हसत. पट्टीची गोष्ट ते पाहुण्यांना रंगवून सांगायचे. "माझा हात लागला की लोखंडालासुद्धा राहवत नाही" हे तिचं शेवटचं वाक्य. मी शिकायला लागल्यावर मला ही गोष्ट आवडेनाशी झाली. एकदा मी त्यांना विचारलंही, की तुम्हाला वाईट नाही वाटलं? ते माझ्या वहीला कव्हर घालत होते. कागदाची घडी नखाने दाबत म्हणाले, "वाटलं ना. चांगला आठवडाभर वाटलं."  आणि कव्हर असं घातलं, की वही संपली तरी ते फाटलं नाही.

आईचं निम्मं आयुष्य त्यांच्या मागून फिरण्यात गेलं. तेलाचं एक फडकं तिच्या हाताशी सतत असायचं. कात्री, सुऱ्या, कडीकोयंडे, शिवणयंत्राचं चाक, ती सारखी पुसत असायची आणि पुसताना बोलत असायची. "अहो, रुमालाने धरा, रुमालाने" हे वाक्य आमच्या घरात 'जेवायला चला' इतक्या वेळा उच्चारलं जायचं. बाबा गेल्यानंतर काही आठवड्यांनी एका दुपारी मी तिच्याकडे गेले, तर ती शिवणाच्या खणातली कात्री हातात धरून नुसती बसली होती. म्हणाली, "बघ गं, कशी लख्ख राहिलीये." तिच्या आवाजात तक्रार होती. तेव्हापासून ते घर चकचकीत आहे. कुलूप चकचकीत, घंटी चकचकीत. मला त्या चकचकाटाची थोडी भीतीच वाटायची. शेवटच्या दिवसांत बाबांचे हात कोरडे पडले होते. मी त्यांचा हात धरून बसायचे आणि त्याची जुनी ओल आठवायचा प्रयत्न करायचे. उन्हाळ्यात शाळेच्या रस्त्याने चालताना त्यांच्या मुठीत माझी बोटं सुळसुळायची, निसटायची, आणि ते पुन्हा पकडायचे. पण हात स्वतःला आठवू देत नाही. आवाज आठवतो, चाल आठवते. ओल आठवत नाही.

आणि इथे ती पात्याच्या कडेला बसली होती, माझ्या अंगठ्यातून आलेली. सगळे म्हणायचे मी आईवर गेलेय. नाक आईचं, रागही आईचा. मीही ते धरून चालले होते.

पण स्टेनलेसच्या या जातीवर नुसत्या घामाने गंज चढत नाही, कितीही खारट असो. घामाला खायला साधं लोखंड लागतं. ते कुठून आलं? मी मोरचूद पाण्यात कालवलं आणि कापसाच्या बोळ्याने इम्पेलरच्या दुसऱ्या बाजूला लावलं, जिथे कुणाचंच बोट लागलं नव्हतं. जिथे साधं लोखंड असेल तिथे मोरचुदातलं तांबं येऊन बसतं. आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने राखाडी धातूवर तांबूस ठिपके फुटले, चेहऱ्यावर वांग उमटावेत तसे. दुसरीकडे लावलं, तिथेही फुटले. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी लोखंडाची धूळ सगळ्या इम्पेलरवर बसलेली होती. माझ्या घामाने ती एका जागी उघडी पाडली, एवढंच.

 पॉलिशमामा टोपी मागे सरकवून म्हणाले, "ताई, वाळूचा फवारा मारायची पेटी. शुक्रवारी सकाळी तिच्यात मी गेटचे बिजागर साफ केले होते, मग त्याच वाळूने हा इम्पेलर."

"कुणाच्या गेटचे?"

"साहेबांच्या. घरच्या."

"मामा!"

"आता साहेबच म्हणाले, जाता जाता करून टाक. जाता जाता म्हणजे दोन तास लागले, एवढा गंज होता." ते डोळे मिचकावून म्हणाले, "म्हणजे बघा, साहेबांचं गेट आपल्या इम्पेलरवर बसलंय."

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि पेटी फक्त कामाच्याच वस्तूंसाठी वापरायची अशी सूचना स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर लावली. मग म्हणाले, "पण वर धूळ आहे म्हणून आत सगळं ठीक आहे, असं नाही ना होत?" साहेब तसे हुशार आहेत. तसं होत नाहीच. धूळ होती हे खरं. त्या धुळीखाली समुद्राने खाल्लं जाईल असं काही नाही, हे अजून दाखवायचं होतं. आम्लात धुऊन सगळं साधं लोखंड काढून टाकायचं आणि मग मिठाच्या धुक्याच्या पेटीत इम्पेलर बराच काळ ठेवायचा. तिथे दिवसरात्र खारं धुकं सुटत असतं. ठसा परत आला, तर दोष आतला. "परत नाही आला, तर बोटीवर," साहेब म्हणाले, आणि गुडघ्यांबद्दल काहीच बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी आईकडे गेले. ती शर्टाला बटण लावत होती, माझ्याच. मी तिच्यासमोर बसून म्हटलं, "आई, माझे हात खारट आहेत."

"चाखून बघितलेस की काय?"

मी सगळं सांगितलं. ती सुई थांबवून ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिने दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाली, "तुझं कर्कटक आठवतंय? कंपासपेटीतलं? दर वर्षी नवीन घ्यावं लागायचं. सहा महिन्यांत नुसता गंजाचा गोळा."

"बाबा हात लावायचे ना त्याला."

"मीही तेच म्हणायचे. किती बोलले असेन मी ह्यांना! पोरीच्या पेटीत कशाला बोटं घालता, तिची भूमिती बुडवाल. आणि हे खाली मान घालून म्हणायचे, चुकलं, पुन्हा नाही."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. 

"म्हणजे त्यांना माहीत होतं," मी म्हटलं.

"त्यांना गंजातलं कळणार नाही तर कुणाला कळणार! कॉलेजला निघालीस तेव्हा डझनभर पांढरे हातमोजे कुणी आणले होते? म्हणे, घालत जा, ऐटदार दिसतं."

"मग बोलले का नाहीत?"

"तुला धातूचंच शिकायचं होतं ना. तेच धरून बसली होतीस लहानपणापासून. खारट हाताच्या माणसाला कुठे बसवतात हे त्यांना माहीत होतं. तू हात बघून आधीच मागे फिरली असतीस." मग तिला हसू यायला लागलं. ती हसताना आधी खांदे हलतात, आवाज नंतर येतो. "लबाड माणूस. मला इतकी वर्षं फुकट भांडायला लावलं. आता माझी चूक कळलीये, तर ती कबूल करायला हे समोर नाहीत."

तिने डोळे पुसले, बटण दोनदा ओढून बघितलं. "मग त्या डागाचं आता काय?"

"धुवायचा. आणि परत यायला नको."

"तुला जायला हवाय का तो?"

हा प्रश्न तिने अगदी सहज विचारला, जसा भूक आहे का विचारतात. मी उत्तर शोधायला गेले, तर ते आधीच तयार होतं. मला तो धुऊन निघायला हवा होता. अगदी मनापासून. मला माझी कृती बरोबर यायला हवी होती, बोट चालायला हवी होती. ठसा ठेवावा, जपावा, काचेखाली बघावा असं वाटेल याची मी वाट बघत होते, कारण अशा वेळी माणसाला तसं वाटतं हे मी बरंच वाचलं होतं. पण वाटलं नाही. आई म्हणाली, "ह्यांनीही आधी फडकंच शोधलं असतं."

दुसऱ्या दिवशी रिपोर्टसाठी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला. त्यात तो नुसता डाग दिसतो. मग इम्पेलर आम्लात गेला. तिथे काही नाट्य झालं नाही. रेषा बाहेरून आत पुसट होत गेल्या, भोवरा शेवटपर्यंत टिकला, आणि मग तिथे पातं होतं. भिंगाखाली मी ती जागा बघितली. खड्डा दिसला नाही, पण अगदी बारीक खड्डे पहिल्या दिवशी दिसतही नाहीत. ते दाखवायला मीठ लागतं. इम्पेलर धुक्याच्या पेटीत ठेवून आम्ही झाकण लावलं. पेटीच्या काचेवर आतून पाणी धरतं, त्यामुळे काही दिसत नाही, फक्त फवाऱ्याचा सुस्कारा ऐकू येतो. येता-जाता मी तिथे थांबायचे. पॉलिशमामा म्हणायचे, "ताई, उकडत घातलंय असं समजा. सारखं झाकण काढलं तर कच्चं राहील." मला आत काय चाललंय याची काळजी वाटे, रात्री झोपही थोडी कमी लागे, पण ती काळजी कशी हलकी होती. परीक्षेच्या निकालाआधी बाबा मला फिरायला नेत. आम्ही दोघं काही न बोलता चालत असू, आणि भीती असूनही पाय चालत राहत. तसंच काहीसं. पेटीतल्या त्या खाऱ्या धुक्याला काय वास असतो, हे मी पहिल्यांदाच नीट हुंगलं. ओल्या पोलादाचा, आणि थोडा घामाचा.

मुदत संपली त्या सकाळी झाकण उघडलं तेव्हा साहेबही आले होते. पात्यांवर मिठाचा पांढरा लेप बसला होता. पॉलिशमामांनी स्वच्छ पाण्याचा पाइप धरला. लेप ओघळला. मी भिंग घेऊन कडेपासून कडेपर्यंत गेले, मग उलटी आले. सगळीकडे एकच मंद राखाडी रंग होता. ती जागा कुठली हेसुद्धा मला फोटो बघून शोधावं लागलं. मोरचूद पुन्हा लावलं, काहीही फुटलं नाही. "काय?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "आतून चांगला आहे."  पॉलिशमामा लगेच पाइप बंद करायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभे राहिले. साहेब म्हणाले, "बोटवाल्यांना फोन करा," आणि दारापर्यंत जाऊन परत वळून म्हणाले, "दुसऱ्या पंपाचंही विचारून ठेवा."

फेरीबोटीचा इंजिनवाला दुपारीच आला. मोठा, घामाघूम माणूस, बाह्या दुमडलेल्या, दोन्ही हातांच्या रेषांत काळं वंगण कायमचं मुरलेलं. आम्ही इम्पेलर पांढऱ्या कापडावर ठेवला होता. तो आला तो थेट टेबलापाशी गेला आणि कुणाला काही कळायच्या आत त्याने पात्यांमधल्या वळणात हात घातला, पार मनगटापर्यंत.

"अहो, हात! हात!" पॉलिशमामा ओरडले.

"हाताला काय झालं?" त्याने हात बाहेर काढून बघितला, पुन्हा आत घातला. "वा! आतून काय गुळगुळीत आहे बाई. कुणाचं काम?"

"आमच्या ताईंचं. पण तुम्ही आधी मोजे..."

"मोजे घालून बोटीवर काय करू? तिथे तेल, चिखल, गंज, शेवाळ, सगळं याच्या अंगाखांद्यावर येणार. याला हे सोसत नसेल तर आत्ताच सांगा."

पॉलिशमामांनी माझ्याकडे बघितलं. मी पात्यांवर उमटलेली त्याची काळी बोटं बघत होते. अंगठा, तर्जनी, तळव्याचा अर्धा चंद्र. बोटीवर रोज कुणाचे ना कुणाचे हात लागतील, आणि रोज पाणी ते धुऊन नेईल.

"सोसतं," मी म्हटलं. "राहू दे, मामा."

"मग चला, गाडीत घालू. एकट्याला कड रुतेल. बाई, तुम्ही पलीकडून धरता?"

मी पलीकडे गेले. मोजे खिशात होते, ते तिथेच राहिले. धातू गार होता. उचलल्याबरोबर तळव्यांना घाम फुटला आणि पकड थोडी सरकली. इंजिनवाला म्हणाला, "नीट धरा हं." मी बोटं पुन्हा घट्ट रोवली, आणि आम्ही दोघं, तो पुढे तोंड करून आणि मी पाठमोरी, दाराकडे चालायला लागलो.